डाउनलोड केलं म्हणजे गाणं आपलं झालं का?

मागच्या गणपतीतली गोष्ट. कोकणातल्या आमच्या घरी रेंज येते ती फक्त मागच्या परसात, फणसाखाली, तीसुद्धा एक काडी. हे ठाऊक होतं म्हणून मी जूनमध्येच अभंग, भावगीतं, नाट्यपदं अशी दीडेकशे गाणी फोनमध्ये उतरवून ठेवली होती, ज्याला दर महिन्याला पैसे भरतो त्याच ॲपमधून. मोदक वळायला बसल्यावर आत्या म्हणाली, "लाव रे काहीतरी." मी ऐटीत फोन काढला. यादी दिसत होती, पण एकेक नाव फिकट राखाडी, आणि वर सूचना: गाणी ऐकायची तर आधी एकदा इंटरनेटला जोडा. फणसाखाली जाऊन हात उंच करून पाहिला. काही झालं नाही.

"डाउनलोड केली होतीस ना? मग गेली कुठं?" आत्यानं विचारलं.

गेली कुठंच नव्हती. फोनमध्येच होती, चांगली जागा अडवून बसली होती. फक्त कुलूपबंद होती आणि किल्ली माझ्याकडे नव्हती. त्या दिवशी आत्याला नीट उत्तर देता आलं नाही, ते आता देतो.

गाण्यांच्या सेवांची तुलना करायला बसलो की आपण महिन्याचा दर बघतो आणि गाण्यांचा आकडा बघतो. आकड्याचं आता फारसं मनावर घेऊ नये. मोठ्या सेवा सगळ्याच दहा कोटींच्या वर गाणी असल्याचं सांगतात, आणि आपल्याला हवं असलेलं एक नाट्यपद नेमकं त्यात नसतं. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: मी पैसे नक्की कशाचे देतोय?

पुस्तकांच्या बाबतीत हा फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. वाचनालयाची वर्गणी भरली की कपाटं खुली. तिथंच बसून वाचा किंवा पुस्तक घरी न्या. पण घरी नेलं, महिनाभर उशाशी ठेवलं, म्हणून ते आपलं होत नाही. वर्गणी थकली की परत करायचं. दुकानातून विकत घेतलेलं पुस्तक मात्र, दुकान बंद पडून तिथं चपलांचं शोरूम आलं तरी, आपल्या फळीवर राहतं.

स्ट्रीमिंग म्हणजे वाचनालयात बसून वाचणं. ॲपमध्ये बाणाचं चिन्ह दाबून गाणं 'ऑफलाइन'साठी उतरवणं म्हणजे पुस्तक घरी नेणं. आणि पैसे मोजून गाण्याची फाइल घेणं म्हणजे खरेदी. गोची अशी, की या शेवटच्या दोन्ही गोष्टींना आपण 'डाउनलोड' हा एकच शब्द वापरतो. वाचनालयवाल्यानं पुस्तकावर 'आपले' असा शिक्का मारून द्यावा, तसला हा प्रकार.

आतली यंत्रणा तशी साधी आहे. विकत घेतलेली एमपी३ फाइल उघडी असते. फोनवर, गाडीतल्या पेनड्राइव्हवर, दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर, कुठंही वाजते, कुणाला विचारत नाही. वर्गणीच्या ॲपमधून उतरवलेली फाइल सांकेतिक रूपात गुंडाळलेली असते. ती उलगडायची किल्ली ॲपजवळ असते आणि त्या किल्लीला मुदत असते. ॲप अधूनमधून कंपनीच्या सर्व्हरला विचारतं, 'याची वर्गणी चालू आहे ना?' होकार आला की मुदत वाढते. उदाहरणार्थ, स्पॉटिफायचा नियम असा, की तीस दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन यायला हवं, आणि जास्तीत जास्त पाच उपकरणांवर प्रत्येकी १०,००० गाणी उतरवता येतात. (माझं ॲप दुसरं होतं, पण तत्त्व सगळीकडे हेच.) मी जूनमध्ये गाणी उतरवली आणि मध्ये ते ॲप उघडलंच नाही. गणपतीपर्यंत किल्ली गंजली.

हा शब्दांचा कीस वाटत असेल, तर यावर मुंबई उच्च न्यायालयात खटला झालेला आहे. एका बाजूला टिप्स ही संगीत कंपनी, दुसऱ्या बाजूला विंक म्युझिक हे एअरटेलचं गाण्यांचं ॲप. आपल्या कॉपीराइट कायद्यात ३१-ड नावाचं कलम आहे. रेडिओ-टीव्हीवाल्यांनी ठरलेल्या दरानं मानधन भरलं, तर संगीत कंपनीची वेगळी परवानगी न घेता त्यांना गाणी वाजवता येतात. विंकचं म्हणणं होतं, आम्हीही प्रसारणच करतो, आम्हालाही हे कलम लावा. एप्रिल २०१९ मध्ये न्या. एस. जे. काथावाला यांनी ते फेटाळलं, आणि फेटाळताना ॲपमधल्या बटणांची चिरफाड केली. पैसे देऊन गाणं कायमचं घेता येत असेल तर ती विक्री. वर्गणी चालू असेपर्यंतच ऑफलाइन ऐकता येत असेल तर ते भाड्यानं देणं. दोन्हीपैकी काहीच प्रसारण नव्हे. २०२२ मध्ये खंडपीठानंही हा निकाल कायम ठेवला. म्हणजे माझ्या फोनमधली ती दीडशे गाणी भाड्याची होती हे मी म्हणत नाही, कोर्टच म्हणतं.

या निकालाचा आपल्या खिशाशी थेट संबंध आहे. ठरलेल्या दराचा रस्ता बंद झाल्यामुळे प्रत्येक सेवेला प्रत्येक संगीत कंपनीशी वेगळा करार करावा लागतो, तो मुदतीनं संपतो, पुन्हा घासाघीस होते. घासाघीस फिसकटली की गाणी गायब. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफाय यांचा करार संपला आणि झीची गाणी एका रात्रीत लोकांच्या प्लेलिस्टमधून गेली. पुढे ती परत आली, पण मधल्या काळात वर्गणी भरणाऱ्याला ना गाणी मिळाली ना पैसे परत.

मराठी कानांना याहून जास्त लागलेली गोष्ट आधीचीच आहे. स्पॉटिफाय भारतात आलं फेब्रुवारी २०१९ मध्ये, ते सारेगामाशी करार न करताच. सारेगामा म्हणजे जुनी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, आपली एचएमव्ही. कुत्रा आणि भोंगा असलेल्या तबकड्यांवरचं मराठी भावगीत, नाट्यसंगीत, जुनं चित्रपटसंगीत यांचा फार मोठा साठा तिच्याकडे आहे. हा करार मे २०२० मध्ये झाला. तोपर्यंत वर्षभर जगातली सगळ्यात गाजलेली सेवा आपल्याकडे होती आणि आपल्या आईवडिलांची गाणी तिच्यात जवळपास नव्हती. म्हणून कुठल्याही सेवेला पैसे भरण्याआधी माझी कसोटी ठरलेली आहे. आपल्याला जिवापाड आवडणाऱ्या वीस गाण्यांची यादी कागदावर काढायची आणि फुकटच्या महिन्यात ती एकेक करून शोधायची. रोमन स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघायची, कारण मराठी नावांच्या स्पेलिंगचा या ॲपांत पोरखेळ झालेला असतो. वीसपैकी सोळा मिळाली तर ठीक. नऊच मिळाली तर दहा कोटींचा आकडा आपल्या काय कामाचा?

आता थोडं मागं जाऊ, कारण हे भाड्याचं प्रकरण काही आजचं नाही.

१९९९ साली नॅपस्टर आलं आणि लोक एकमेकांच्या संगणकांतून फुकट गाणी उतरवू लागले. संगीत कंपन्यांनी कोर्टात खेचून २००१ मध्ये ते बंद पाडलं. त्याला कायदेशीर पर्याय म्हणून दोन वेगळ्या वाटा निघाल्या. एक विक्रीची: ॲपलचं आयट्यून्स स्टोअर एप्रिल २००३ मध्ये दोन लाख गाण्यांनिशी सुरू झालं, एक गाणं ९९ सेंटला. दुसरी वर्गणीची: रॅप्सडी ही सेवा २००१ अखेरपासूनच महिन्याच्या पैशांत हवं ते गाणं ऐकवत होती. दोन्हींच्या मधोमध ईम्युझिक नावाची एक सेवा होती. महिन्याला ठरावीक रक्कम द्या आणि ठरावीक गाणी उतरवून घ्या, उघड्या एमपी३ मध्ये, कायमची. वर्गणी थांबवली तरी घेतलेली गाणी तुमचीच. वर्गणी आणि मालकी एकाच पावतीवर. मायक्रोसॉफ्टनंही २००८ अखेरीस झून पास या आपल्या गाण्यांच्या वर्गणीत असं काहीसं केलं: महिन्याला १४.९९ डॉलर, हवी तेवढी गाणी भाड्यानं आणि वर दहा गाणी कायमची. मला आजही वाटतं की इतक्या वर्षांत निघालेल्या सगळ्या योजनांत ही सगळ्यात सुज्ञ होती. ती टिकली नाही, आणि आज कुठलीही मोठी सेवा तसं काही देत नाही.

विक्रीच्या वाटेवरही काटे होतेच. सुरुवातीला विकत घेतलेल्या गाण्यांनाही कुलूप असे. एमएसएन म्युझिक या मायक्रोसॉफ्टच्याच गाण्यांच्या दुकानानं २००८ मध्ये जाहीर केलं, की आता आम्ही नव्या संगणकांसाठी किल्ल्या देणार नाही. लोकांनी गाणी विकत घेतलेली होती, भाड्यानं नव्हे! ओरड झाली, मुदत वाढली, पण धडा मिळायचा तो मिळाला. जानेवारी २००९ मध्ये ॲपलनं आयट्यून्सची गाणी कुलपातून मोकळी करायचं जाहीर केलं आणि तेव्हापासून 'विकत घेणं' या शब्दाला खरा अर्थ आला.

आपल्याकडे फ्लिपकार्टनं फेब्रुवारी २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावाचं एमपी३चं दुकान काढलं होतं. कुलूप नाही, किंमत चहा-वड्याच्या घरातली. जून २०१३ मध्ये ते बंदही झालं. कारण शोधायला लांब जायला नको. तेव्हा प्रत्येक बाजारपेठेत मोबाइल रिचार्जच्या टपरीवर 'मेमरी कार्ड भरून मिळेल' अशी पाटी असे. वीस-तीस रुपयांत हजार गाणी. त्याआधी हेच काम कॅसेटवाला करायचा, यादी देऊन साठ मिनिटांची कॅसेट 'भरून' घ्यायची. सगळं बेकायदा, पण गाणं 'भरून' घ्यायचं असतं, ते आपल्याजवळ राहतं, ही समज त्या टपरीनंच पक्की केली. मग २०१६ नंतर डेटा पाण्यासारखा स्वस्त झाला आणि भरून घ्यायची गरजच संपली. एक मात्र लक्षात ठेवा, फ्लाइट बंद पडल्यावर तिथून घेतलेल्या फाइली आजही वाजतात. याउलट रेसो हे वर्गणीचं ॲप जानेवारी २०२४ अखेर भारतातून गेलं, त्याच वर्षी विंक म्युझिक गुंडाळत असल्याचं एअरटेलनं सांगितलं. तिथं लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेलं भाड्याचं सामान दारातच राहिलं.

आवाजाच्या दर्जाबद्दल जाहिराती फार बोलतात, म्हणून थोडं गणित. गाण्याची फाइल सेकंदाला किती माहिती वापरते ते केबीपीएसमध्ये मोजतात. १६० केबीपीएसला तासाभराच्या ऐकण्याला सुमारे ७२ एमबी डेटा जातो, ३२० ला १४४ एमबी. सीडीवरचं संगीत १,४११ केबीपीएसचं, म्हणजे तासाला ६३५ एमबी. 'लॉसलेस' म्हणतात ते हेच संगीत, काहीही न गाळता घडी घालून लहान केलेलं. ॲपल म्युझिकनं ते जून २०२१ पासून जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली. स्पॉटिफायनं २०२५ मध्ये आणलं, पण भारतात ते महागड्या योजनेतच ठेवलं. ऐकायला भारी वाटतं. पण तुम्ही ब्लूटूथचे बड्स वापरत असाल, तर ती वाटच मुळात अरुंद आहे. नेहमीच्या ब्लूटूथमधून तीनशेच्या आसपास केबीपीएस जातात, म्हणजे लॉसलेस गाणं पुन्हा गाळूनच कानात येतं. वायरचे चांगले हेडफोन असतील तरच त्यासाठी वेगळे पैसे मोजा. आणि बालगंधर्वांची ७८ फेऱ्यांची तबकडी ऐकणार असाल तर तेवढीही चिंता नको. त्या तबकडीत मुळात जेवढं उतरलं आहे, तेवढं साध्या एमपी३ मध्ये आरामात मावतं.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांनी दर्जापेक्षा दुसरी एक गोष्ट तपासावी. विलंबित आणि द्रुत ख्याल बऱ्याचदा दोन वेगळ्या फाइलींत तोडलेले असतात. काही ॲपं दोन फाइलींच्या मध्ये सेकंदभर गप्प होतात, आणि समेवर येता येता कुणी दार आपटावं तसं होतं. फुकटच्या महिन्यात हे आधी करून बघा. आणि फुकटच्या योजनेवर ख्याल ऐकायच्या भानगडीत पडूच नका. तानपुरा विरतो न विरतो तोच साबणाची जाहिरात.

आता पैशाकडे येऊ. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तुलनेच्या तक्त्यांत तो कधीच नसतो.

स्पॉटिफाय भारतात आलं तेव्हा महिन्याची वर्गणी ११९ रुपये होती. अमेरिकेत तेव्हा तीच ९.९९ डॉलर. (दर सतत बदलतात, म्हणून आजचे इथं देत नाही.) ११९ मधून १८ टक्के जीएसटी गेला की उरतात १०१. त्यातला साधारण दोन तृतीयांश भाग गाण्यांच्या हक्कदारांना जातो. म्हणजे अंदाजे ६७ रुपये. आपल्याला वाटतं, मी महिनाभर ज्यांना ऐकलं त्यांच्यात हे ६७ रुपये वाटले जातील. तसं होत नाही.

सगळ्यांचे पैसे एका हंड्यात जातात आणि एकूण किती वेळा कुठली गाणी वाजली, त्या प्रमाणात वाटप होतं. समजा, सेवेला दोनच ग्राहक आहेत, प्रत्येकाचे ६७ रुपये, हंड्यात १३४. आत्यानं महिन्यात एकाच कीर्तनकारबुवांचे अभंग दहा वेळा लावले. तिच्या नातवानं सिनेमाची गाणी ९९० वेळा. एकूण हजार. बुवांचा वाटा एक टक्का, म्हणजे १ रुपया ३४ पैसे. आत्यानं दुसऱ्या कुणालाही ऐकलं नाही, तरी तिच्या ६७ पैकी ६५ रुपयांहून अधिक रक्कम नातवाच्या गाण्यांकडे गेली. ज्याचे पैसे त्याच्या आवडीच्या गायकालाच, अशी दुसरी पद्धतही आहे. साउंडक्लाउड या सेवेनं २०२१ मध्ये ती काही कलाकारांसाठी सुरू केली, पण मोठ्या सेवा हंड्यालाच धरून आहेत.

त्यात आणखी एक मेख. गाणं तीस सेकंद वाजलं की ते एकदा ऐकलं असं धरतात. पुढं ते अडीच मिनिटांचं असो की चाळीस मिनिटांचा बडा ख्याल, मोजणी एकच. चाळीस मिनिटांत अडीच मिनिटांची सोळा गाणी होतात. ज्या गायकानं चाळीस मिनिटं एक राग मांडला, त्याला एक वाटा, आणि तेवढ्याच वेळात सोळा गाणी खपवणाऱ्याला सोळा. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याचं ध्वनिमुद्रण वर्षभरात हजार वेळाही ऐकलं जात नाही, त्याला या हंड्यातून काहीच मिळत नाही. तालुक्याच्या गावातल्या भजनी मंडळाचं ध्वनिमुद्रण कुठं बसतं, ते तुम्हीच बघा.

खरेदीचा हिशेब याच्या उलटा. बँडकॅम्प या संकेतस्थळावर कलाकार स्वतः आपला अल्बम विकतात, उघड्या फाइलींत, हवं तर लॉसलेस. संकेतस्थळ १५ टक्के घेतं, वर पैशांच्या व्यवहाराचा खर्च जातो आणि ८० टक्क्यांच्या आसपास कलाकाराकडे पोचतात. ४०० रुपयांच्या अल्बममागे सव्वातीनशेच्या घरात. हंड्यातून तेवढे यायला किती वर्षं आत्यानं बुवांना ऐकावं लागेल, ते वरच्या आकड्यांवरून काढून पाहा. अडचण एवढीच, की जुनं मराठी संगीत तिथं नाही. ते आयट्यून्स स्टोअरवर बऱ्यापैकी विकत मिळतं, पण तिथं त्यातला मोठा भाग संगीत कंपनीला जातो. गीतकार-संगीतकारांना आपल्या मानधनाचा हक्क लिहून देता येणार नाही अशी तरतूद २०१२ च्या दुरुस्तीनं कायद्यात आली, तेवढा एक दिलासा.

मग घ्यायचं काय? घरात तीन-चार जण ऐकणारे असतील तर कुटुंबाची वर्गणी स्वस्त पडते. बऱ्याच सेवांत ती सहा जणांपर्यंत चालते, पण काही सेवांना पत्ता एकच लागतो, तेव्हा पुण्यातला मुलगा आणि सोलापूरचे आईवडील ही नेहमीची जोडी तिथं नियमात बसत नाही. नवं काय आलं ते चाखत राहण्याची आवड असेल, तर स्ट्रीमिंगला तोड नाही. एवढ्या पैशात एवढं संगीत याआधी कुणालाच मिळालेलं नाही, हे राजेरजवाड्यांनाही धरून म्हणतोय. परदेशात असाल तर आपली वीस गाण्यांची यादी तिथं राहून पुन्हा तपासा, कारण हक्क देशागणिक वेगळे असतात आणि भारतात दिसणारं गाणं न्यू जर्सीत राखाडी दिसू शकतं. ज्यांना तीच तीनशे गाणी मरेपर्यंत ऐकायची आहेत (आमची आत्या), त्यांनी दरमहा भाडं भरण्यात काही अर्थ नाही. त्यांच्यासाठी विकत घेतलेल्या फाइली आणि एक पेनड्राइव्ह, किंवा सारेगामाचं कारवाँ. जुन्या ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा हा डबा २०१७ मध्ये पाच हजार हिंदी गाणी भरून बाजारात आला, आणि शहरी तज्ज्ञ हसत असताना घरोघरच्या आजीआजोबांनी तो उचलला. मराठी गाण्यांचाही निघाला. त्याला रेंज लागत नाही.

मी वर्गणी बंद केलेली नाही. फक्त आता दर महिन्याला एक अल्बम विकत घेतो, माझा स्वतःचा झून पास म्हणा. आणि ॲपमधल्या याद्या अधूनमधून साध्या वहीत उतरवून ठेवतो, गाणं, गायक, संगीतकार. ॲप बंद पडलं, करार फिसकटला, तर गाणी दुसरीकडे मिळतील, पण काय ऐकत होतो तेच आठवणार नाही याची मला जास्त धास्ती आहे. आत्याकडे अशी एक वही आहे, १९७० च्या आसपासची, रेडिओवर ऐकून लिहिलेली. यंदा गावी जाताना ती वही समोर धरूनच पेनड्राइव्ह भरायला घेतलाय. एकशे बारा गाणी झाली. सात अजून कुठंच विकत मिळालेली नाहीत.